एउथूस: मार्काच्या 'लगेच'चा माग कसा काढायचा

पेत्राने तिसऱ्यांदा 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हटलं आणि कोंबडा आरवला. कोंबडा एक, अंगण एक, रात्र एक. पण चारही शुभवर्तमानं ग्रीकमध्ये शेजारी शेजारी ठेवलीत, तर 'लगेच' म्हणायला तीन वेगळे शब्द वापरलेले दिसतात. मार्क लिहितो 'एउथूस', मत्तय आणि योहान लिहितात 'एउथेओस', लूक लिहितो 'पाराख्रेमा'. मराठीत वाचताना आपल्याला कुठे 'लागलेच' भेटतं, कुठे 'तत्क्षणी', आणि आपण पान उलटतो.

हा लेख त्यातल्या पहिल्या शब्दाविषयी आहे. ग्रीक अजिबात येत नाही, पण बायबलचा अभ्यास करायला नुकतीच सुरुवात केली आहे, अशांसाठी. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. लागणारं सामान असं: रोजच्या वापरातलं मराठी बायबल, एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि मोबाइलवर ग्रीक नवा करार. ग्रीक शब्दाखाली अर्थ दिलेली प्रत मिळाली तर उत्तम. छापील ग्रीक पाठ पाहिजे असेल तर नेस्ले-आलांड ही आवृत्ती अभ्यासकांच्या हातात असते. तिची २८वी आवृत्ती २०१२ साली निघाली. या लेखातले आकडे तिच्या पाठाचे आहेत. दुसऱ्या आवृत्तीत एक-दोनचा फरक पडतो, त्याने बिचकू नका.

पायरी १: शब्द डोळ्यांनी ओळखा

सगळी ग्रीक मुळाक्षरं शिकायची गरज नाही. एउथूसमध्ये पाच अक्षरं आहेत: एप्सिलॉन, उप्सिलॉन, थीटा, पुन्हा उप्सिलॉन आणि शेवटी सिग्मा. खूण म्हणून थीटा धरा. उभट गोल आणि त्याच्या पोटातून गेलेली आडवी रेघ. ओळीवरून नजर फिरवली की हे अक्षर आपोआप उठून दिसतं. त्याच्या आधी दोन अक्षरं, नंतर दोन, आणि शेवटचा सिग्मा खाली किंचित शेपूट सोडलेला. सापडला शब्द.

त्याचा भाऊ एउथेओस सहा अक्षरांचा. सुरुवातीची तीन अक्षरं तीच, फक्त शेवट वेगळा. अर्थात फरक नाही म्हटलं तरी चालेल. मार्कात एउथूसच्या आधी येणाऱ्या 'काइ' या तीन अक्षरी शब्दाचीही ओळख करून घ्या. 'काइ' म्हणजे 'आणि'. मार्काच्या लेखणीतून 'काइ एउथूस' ही जोडी इतक्यांदा उतरते की दुसऱ्या पानापर्यंत ती तुम्हाला दुरूनच कळायला लागेल.

उच्चारावरून वाद घालत बसू नका. आजचा ग्रीक माणूस हाच शब्द 'एफ्थीस' असा म्हणतो, सेमिनरीत शिकलेले पाळक साधारण 'यूथूस'च्या जवळचं काहीतरी म्हणतात. मी 'एउथूस' लिहितो, कारण देवनागरीत अक्षराला अक्षर तेच बसतं.

पायरी २: क्रमांकाच्या नादी लागण्याआधी थांबा

बहुतेक बायबल ॲपमध्ये शब्दावर बोट दाबलं की एक क्रमांक येतो. तो स्ट्राँगचा क्रमांक. जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची १८९० साली निघाली आणि तिच्यातले आकडे आजही चालतात. एउथूसचा क्रमांक २११७, एउथेओसचा २११२, पाराख्रेमाचा ३९१६.

आता नवखा माणूस इथे हमखास काय करतो? २११७ टाकतो, मार्क निवडतो आणि 'शोधा' दाबतो. मीही तेच केलं होतं. पडद्यावर मोजकीच वचनं आली. 'मार्क सारखं लगेच लगेच म्हणतो' हे जे लोक सांगतात ते उगाचच असणार, असं मी वहीत लिहूनही ठेवलं. ते पान अजून आहे.

घोळ असा की स्ट्राँग यांची सूची १६११च्या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आहे आणि त्या भाषांतरामागचा ग्रीक पाठ उशिराच्या हस्तलिखितांवरून तयार झालेला आहे. त्या हस्तलिखितांत मार्काच्या एउथूसच्या जागी बहुतेक ठिकाणी एउथेओस आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या जुन्या प्रतींमध्ये मात्र ओबडधोबड एउथूसच दिसतो. पुढच्या नक्कलकारांना तो बहुधा जरा गावंढळ वाटला असावा, त्यांनी त्याला इस्त्री केली. तेव्हा क्रमांकाने शोधायचंच असेल तर २११२ आणि २११७ दोन्ही शोधा आणि यादी एक करा. नेस्ले-आलांडच्या पाठात मार्कामध्ये एउथूस ४१ वेळा येतो, एउथेओस फक्त एकदा, ७:३५ मध्ये, आणि तोही कंसात.

पायरी ३: पहिला अध्याय मोठ्याने वाचा

मनातल्या मनात नको, मोठ्याने. हा मजकूर मुळात ऐकण्यासाठी होता. मार्काच्या पहिल्या अध्यायात एउथूस ११ वेळा आहे: वचन १०, १२, १८, २०, २१, २३, २८, २९, ३०, ४२ आणि ४३. हे आकडे वहीत उभे लिहा. प्रत्येकासमोर तुमच्या मराठी बायबलात काय आहे ते लिहा. कुठे 'लागलेच' असेल, कुठे 'लगेच', कुठे 'तत्काळ', कुठे क्रियापदाला चिकटलेला नुसता '-ताच' ('वर येताच'), कुठे 'मग', आणि एखाद्या ठिकाणी काहीच नसेल.

काहीच नसलं की पुष्कळांना वाटतं, भाषांतरकाराने गाळलं. तसं नाही. मराठीत 'आणि लगेच, आणि लगेच, आणि लगेच' असं अकरा वेळा लिहिलं तर वाचणारा वैतागेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते छापून निघालं. अशा प्रत्येक भाषांतरकर्त्यापुढे दर ओळीला हाच प्रश्न उभा असतो: शब्द ठेवू, की चाल ठेवू? घरात दोन वेगळ्या काळातली मराठी भाषांतरं असतील तर वहीत दोन रकाने करा. एक संध्याकाळ मजेत जाते.

हे करताना वचन १८ आणि २० जरा थांबून पाहा. १८ मध्ये शिमोन आणि अंद्रिया 'लगेच' जाळी टाकून येशूमागे जातात. २० मध्येही एउथूस आहे, पण तो जब्दीच्या मुलांना, याकोब आणि योहानाला, लागत नाही, येशूला लागतो: त्याने 'लगेच' त्यांना बोलावलं. मुलांनी बापाला मजुरांबरोबर मचव्यात सोडलं आणि ते गेले. मत्तय हीच गोष्ट सांगताना (४:२२) शब्द उचलून मुलांकडे नेतो: त्यांनी 'लगेच' मचवा आणि बाप सोडला. 'लगेच' कुणाचं, हाक मारणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं? एका शब्दाची जागा सरकली की गोष्टीचं वजन इकडचं तिकडे जातं. वहीत प्रत्येक एउथूससमोर म्हणूनच आणखी एक गोष्ट लिहा: तो कोणत्या क्रियापदाला बांधलेला आहे.

पायरी ४: तीन खाने आखा

आता मुख्य काम. सगळ्या एउथूसचा अर्थ 'त्याच सेकंदाला' असा घेतलात तर चुकाल. मी एकदा आमच्या घरगुती अभ्यासवर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, 'मार्काचा येशू क्षणभरही बसत नाही, बघा, पहिल्याच अध्यायात ११ वेळा लगेच!' मागे बसलेल्या एका काकूंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग काय रे, शनिवारी जाळी सांधत बसले होते का ते?"

मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं. वचन १९ मध्ये याकोब आणि योहान मचव्यात जाळी नीट करताहेत, म्हणजे कामाचा दिवस. वचन २१ मध्ये ते कफर्णहूमात जातात आणि 'लगेच शब्बाथ दिवशी' येशू सभास्थानात जाऊन शिकवू लागतो. शब्बाथ म्हणजे शनिवार, काम बंद. जाळी सांधणं आणि सभास्थानात शिरणं एका दमात होणं शक्य नाही. मधे निदान एक सूर्यास्त तरी गेला असणार. म्हणजे इथला एउथूस घड्याळ दाखवत नाही.

त्या दिवसापासून मी वहीत तीन खाने आखतो.

पहिला खाना 'घड्याळ'. इथे खरोखर वेळ मोजलेली असते. वचन ४२: कोड 'लगेच' गेलं. ५:२९: रक्तस्रावाने पीडलेल्या बाईचा झरा 'लगेच' आटला. इथे मराठीत 'तत्क्षणी', 'त्याच घटकेला' बिनधास्त चालतं.

दुसरा खाना 'रस्ता'. एउथूस या शब्दाचा मूळ अर्थ 'सरळ', न वळणारा. मार्क १:३ मध्ये यशयाचं वचन आहे, 'त्याच्या वाटा नीट करा'. त्यातलं 'नीट' म्हणजे याच शब्दाचं विशेषणरूप. दिमिष्कातल्या ज्या रस्त्यावर अंधळा झालेला शौल उतरला होता (प्रेषितांची कृत्ये ९:११), त्या 'नीट' नावाच्या रस्त्याचं नावही हेच. मार्कात १:३ नंतर सातच वचनांनी, १:१० मध्ये, तोच शब्द क्रियाविशेषण होऊन येतो. मार्काने हे मुद्दाम केलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ग्रीक कानाला तो नाद ऐकू येतो एवढं खरं. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण म्हणतोच: 'तो तडक घरी गेला'. 'तडक'मध्ये वेळही आहे आणि वाटही, मधे कुठे थांबला नाही आणि आडवळणाने गेला नाही. 'सरळ उठला आणि निघाला' यातलं 'सरळ'ही तसंच. १:२९ पाहा: सभास्थानातून निघून ते 'तडक' शिमोनाच्या घरी गेले.

तिसरा खाना 'सांधा'. गोष्ट सांगणारा पुढच्या प्रसंगाकडे वळताना जे 'तोच', 'इतक्यात', 'बघतो तर काय' म्हणतो, ते. १:२३ याचा अस्सल नमुना: 'आणि लगेच त्यांच्या सभास्थानात अशुद्ध आत्मा लागलेला एक माणूस होता.' 'लगेच होता' याला काही अर्थ आहे का? माणूस लगेच येतो, लगेच ओरडतो; लगेच 'असतो' कसा? इथे 'तोच' म्हणून बघा: तोच, त्यांच्या सभास्थानात एक माणूस होता. बसलं. १४:४३ सुद्धा तसंच: येशू बोलतोय, इतक्यात यहूदा आला. कीर्तनात बुवा आख्यानाला लागले की 'इतक्यात' म्हणताना जसा आवाज चढतो आणि मांडी बदलून बसलेली माणसं पुन्हा पुढे सरकतात, ते काम मार्काचा एउथूस करतो.

या तिसऱ्या खान्याला एक जुना आधार आहे. हिब्रू शास्त्रात 'वहिन्ने' असा शब्द वारंवार येतो, 'आणि पाहा'. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याचं बहुतेक वेळा 'आणि पाहा' असंच केलंय, पण उत्पत्ती १५:४ आणि ३८:२९ या दोन ठिकाणी 'काइ एउथूस' असं केलेलं दिसतं. म्हणजे 'आणि पाहा' म्हणायला 'आणि लगेच' चालू शकतं, हे मार्काच्या आधीच कुणीतरी करून ठेवलेलं होतं.

सगळे ४१ एकाच बैठकीत खान्यांत टाकायला जाऊ नका. पहिल्या अध्यायाचे ११ पुरे. काही एउथूस दोन खान्यांच्या रेघेवर बसतील, त्यांना रेघेवरच बसू द्या. १:१२ मला अजून तसाच वाटतो: आत्मा त्याला 'लगेच' रानात घालवतो, आणि लगेच गेलेला तो तिथे ४० दिवस राहतो.

पायरी ५: शेजाऱ्यांना ओळखा, पण घरात घेऊ नका

'लगेच' म्हणणारे ग्रीक शब्द आणखी आहेत आणि नवख्याला ते सगळे एकच वाटतात.

पाराख्रेमा हा लूकचा लाडका. नव्या करारात तो १८ वेळा आहे. त्यातले १० लूकच्या शुभवर्तमानात, ६ लूकच्याच मानल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या कृत्यांत, उरलेले २ मत्तयात. फोड केली तर साधारण 'प्रकाराला लागूनच' असा अर्थ निघतो. आपलं 'लागलीच' तरी दुसरं काय आहे? 'लागणं' म्हणजे चिकटणं; एक गोष्ट दुसरीला लागून. लूक हा शब्द बहुतेक वेळा देवाच्या सामर्थ्याच्या प्रसंगी वापरतो. पांगळ्याच्या पायांत 'पाराख्रेमा' बळ येतं, जादूगार बार्येशूच्या डोळ्यांपुढे 'पाराख्रेमा' धुकं येतं. मार्काचा एउथूस बरं होण्याला लागतो तसाच घरी जाण्यालाही लागतो, लूकचा शब्द जरा राखून ठेवलेला आहे.

एक्साउतेस म्हणजे 'त्याच घटकेपासून', 'आत्ताच्या आत्ता'. याचं मार्कातलं एकुलतं एक ठिकाण वाचाच. ६:२५, हेरोदाच्या वाढदिवसाची मेजवानी. मुलगी नाचली, राजाने अर्ध्या राज्यापर्यंत काहीही माग म्हणून शपथ घेतली, मुलीने बाहेर जाऊन आईला विचारलं. आता ती परत येते, आणि मार्क एका वचनात घाईचे तीन शब्द कोंबतो: ती 'एउथूस' आत आली, 'घाईघाईने' आली, आणि म्हणाली, मला 'एक्साउतेस' बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात दे. राजाने शपथ पाहुण्यांसमोर घेतली आहे. पाहुणे उठायच्या आत पदरात पाडून घ्यायचं आहे. पुढे २७ मध्ये राजाही 'एउथूस' शिपायाला पाठवतो. मराठीत या तिन्ही ठिकाणी 'लगेच' लिहिलं तर त्या मायलेकींची चलाखी निघून जाते. मी तिथे 'आली ती तडक, लगबगीने, आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता' असं काहीसं करतो.

'ताखू', 'एन ताखेइ' हे तिसरं घराणं, मूळ वेगाचं. प्रकटीकरणात 'मी लवकर येतो' आहे ते यातलं. तिथे 'लवकर' म्हणजे थोड्याच काळात की येईल तेव्हा झपाट्याने, यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. तुम्ही आत्ता त्यात शिरू नका. एवढंच लक्षात ठेवा की तिथे एउथूस नाही, त्यामुळे मार्कातला निष्कर्ष उचलून तिकडे लावता येणार नाही. योहान १३ मध्ये दोन्ही घराणी एका खोलीत भेटतात: येशू यहूदाला म्हणतो, करतोस ते 'ताखिओन', अधिक वेगाने कर; आणि घास घेऊन यहूदा 'एउथूस' बाहेर जातो. पुढचे शब्द, 'तेव्हा रात्र होती'.

आणि एउथेओस सुद्धा दर वेळी सेकंदकाटा नसतो. ३ योहान १४ मध्ये लिहिणारा म्हणतो, मी तुला 'एउथेओस' भेटेन अशी आशा आहे. प्रवास करून जायचंय, म्हणजे 'लवकरच'. आपल्याकडे 'आत्ता आलोच' म्हणून गेलेला माणूस तासाने येतो, त्यातलाच प्रकार. १६११च्या इंग्रजी भाषांतरात 'लगेच'साठी काही ठिकाणी 'बाय अँड बाय' वापरलंय. तेव्हा त्याचा अर्थ ताबडतोब होता, पुढे घसरत घसरत 'होईल हळूहळू' झाला. घाईचे शब्द झिजतात, सगळ्या भाषांत.

पायरी ६: 'लगेच' म्हणजे चांगलंच, हे डोक्यातून काढा

उपदेशात हा शब्द आला की सहसा एकच धडा निघतो: शिष्य लगेच निघाले, तुम्हीही लगेच निघा. धडा वाईट नाही, पण चौथा अध्याय वाचून मग काढा. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळीवरचं बी 'एउथूस' उगवतं, कारण माती खोल नाही. अर्थ सांगताना: वाटेवरच्यांकडे सैतान 'एउथूस' येतो, खडकाळीवरचे वचन 'एउथूस' आनंदाने घेतात, आणि छळ झाला की 'एउथूस' अडखळतात. चार एउथूस, चारही नुकसानीचे. ज्याने डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीत पेरलंय त्याला हे सांगायला नको: चार दिवसांत हिरवं दिसतं आणि उघडीप पडली की पिवळं.

चांगल्या मातीला मार्क एउथूस देत नाही. पुढच्या दाखल्यात बी रात्रंदिवस वाढतं, पेरणाऱ्याला कसं ते कळतही नाही, आधी पात, मग कणीस, मग कणसात दाणा. आणि पीक तयार झाल्यावर, ४:२९ मध्ये, तो 'एउथूस' विळा घालतो. कापणीला घाई असते. वाढीला नसते.

पायरी ७: जिथे शब्द नाही तिथे बोट ठेवा

आता दुसऱ्या रंगाची पेन्सिल घ्या. अध्यायवार मोजणी केलीत तर १ ते ९ अध्यायांत ३४ एउथूस भरतात आणि १० ते १६ मध्ये अवघे ७. यरुशलेम जवळ येईल तशी चाल मंदावते. बाराव्या अध्यायात एकही नाही. शेवटल्या दिवसांविषयीच्या तेराव्या अध्यायात, जिथे आपण वाट बघत असतो, तिथेही नाही. तिथे शेवटाकडे 'एक्साइफ्नेस' येतो, 'अचानक', आणि तो झोपलेल्या चाकरांसाठी आहे.

आठव्या अध्यायातला बेथसैदाचा अंधळा पाहा. येशू थुंकी लावतो, विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं झाडांसारखी चालताना दिसतात. मग पुन्हा हात ठेवावे लागतात. या गोष्टीत एउथूस नाही, असूच शकत नाही. दोन अध्यायांनी बार्तीमय येतो, त्याला 'एउथूस' दिसू लागतं आणि तो वाटेने येशूमागे चालू लागतो.

मग अंजिराचं झाड. मत्तय २१:१९ मध्ये ते 'पाराख्रेमा' वाळतं, शिष्यांच्या डोळ्यांदेखत. मार्कात, ज्याच्या लेखणीवर 'लगेच' ठेवलेलंच असतं त्या मार्कात, येशू झाडाला बोलतो आणि निघून जातो. मंदिरातली उलथापालथ होते. झाड मुळापासून वाळलेलं दिसतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्गात हे दोन उतारे शेजारी ठेवा आणि गप्प बसा, नवखी माणसंच बोलू लागतात: मार्काने झाडाच्या दोन भागांमध्ये मंदिर का ठेवलं?

शेवटचा एउथूस १५:१ मध्ये आहे. पहाट होताच 'लगेच' मुख्य याजक मसलत करतात आणि येशूला बांधून पिलाताकडे देतात. त्यापुढे पेन्सिल चालवायला काही मिळत नाही. त्याऐवजी मार्क तास सांगू लागतो: तिसऱ्या तासाला वधस्तंभी खिळलं, म्हणजे आपले सकाळचे नऊ. सहाव्या तासापासून अंधार, म्हणजे भर दुपारी बारा. नवव्या तासाला मोठी आरोळी, तीन वाजता. तीन-तीन तासांची पावलं, मधे एकही 'इतक्यात' नाही. हा भाग मोठ्याने वाचताना तुमचा वाचण्याचा वेग आपोआप पडतो का ते बघा. कुणाला तरी घड्याळ लावून पहिला अध्याय आणि पंधरावा अध्याय ऐकायला बसवा.

संध्याकाळी अरिमथाईचा योसेफ शरीर मागायला जातो. १५:४४ मध्ये पिलाताला आश्चर्य वाटतं, इतक्यातच मेला? तो शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतो. तिथे ग्रीकमध्ये 'एदे' आहे, 'आधीच, एवढ्यातच'. वहीत हा शब्द वेगळ्या पानावर लिहा, या यादीत नको. ही घाई पिलाताला दिसली आहे, मार्काला नाही.